आबांचा ई-रीडर आणि चार्जिंगची जागा: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

हे काम हातात घ्यायचं ठरलं ते वेळ अमावस्येला, ३० डिसेंबरला. शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली, भज्जी-आंबील झाली आणि आबा सवयीनं ई-रीडर घेऊन आंब्याच्या सावलीला बसले. बटण दाबलं तर पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र. आदल्या रात्री पिन लावून ठेवलेली मी स्वतः पाहिली होती. आबा म्हणाले, "मलाच नीट लावता येईना झालंय बघ." आणि त्यांनी यंत्र पिशवीत घालून ठेवलं.

ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत अडतीस वर्षं गुरुजी होते. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ ला, आमच्या घराची मागची भिंत त्यांच्या पुस्तकांच्या पेटीवर पडली. त्यातलं फार थोडं हाती लागलं. पुढं जमवलेली पुस्तकं आता घरात आहेत, पण डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाल्यापासून छापील अक्षर त्यांना लागत नाही. ई-रीडरवर अक्षर बोटाच्या पेराएवढं करता येतं. पाच वर्षं त्यांचं वाचन त्याच्याच जिवावर चाललंय. असा माणूस पिन लावता येत नाही म्हणून स्वतःला दोष देतो, हे मला मान्य नाही. दोष कुठं आहे ते शोधायचं आणि दुरुस्त करायचं, एवढंच या वहीचं काम.

यंत्र: सहा इंची पडदा, २०१९ ची खरेदी, मायक्रो यूएसबी.

७ जानेवारी

तीन केबली, दोन अडॅप्टर बदलून पाहिले. काही फरक नाही. पिन वरच्या अंगाला दाबून धरली तर नारिंगी दिवा लागतो, सोडली की जातो. आईनं सांगितलं, गेले दोन महिने आबा पिनेखाली घडी घातलेला कागद सरकवून ठेवायचे. आम्हाला कुणालाच बोलले नाहीत.

दात कोरायच्या लाकडी काडीनं आत साफ केलं. काळ्या रानातली पिठासारखी धूळ आणि कापसाचे तंतू, दोन्ही घट्ट बसलेले. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतल्यावर पिन पूर्वीपेक्षा खोल जाते, पण दिव्याचं तेच.

मग भिंग लावून पाहिलं. नख लावलं की जॅकची, म्हणजे पिन जिथं घुसते त्या तोंडाची, पत्र्याची चौकट वर-खाली हलते, अर्धा मिलिमीटर तरी. म्हणजे केबलीचा संबंध नाही, जॅक बोर्डावरून सुटलाय. मायक्रो यूएसबीच्या आतल्या पाच बारीक पिना एकमेकींपासून ०.६५ मिलिमीटरवर असतात. कडेच्या एकीवर ५ व्होल्ट येतात, दुसऱ्या कडेची ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट. चौकट कलली की या दोन्हींपैकी एक उचलली जाते, आणि एक जरी उचलली तरी चार्जिंग बंद.

११ जानेवारी

कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला. उत्तर: मुदत संपली आहे, जॅक वेगळा बदलून मिळत नाही, जुनं यंत्र परत केलं तर नव्यावर सूट मिळेल. पलीकडची मुलगी अगदी नीट बोलली, तिचा यात दोष नाही. मी विचारलं, पडदा चांगला, बॅटरी चांगली, बोर्ड चांगलं, मग टाकून काय द्यायचं? तिच्याकडं याला उत्तर नव्हतं.

नवं घेतलं तर टाइप-सी मिळेल हे खरं. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्यानं बाजारात येणाऱ्या फोन-टॅब्लेटबरोबर ई-रीडरलाही टाइप-सी सक्तीचं झालं. आबांचं यंत्र त्यानंतर दोनच दिवसांनी बंद पडलं. टाइप-सी उलटसुलट कसंही लागतं, आणि क्षीण नजरेच्या माणसाला ही मोठीच सोय आहे. पण तोंडाचा आकार बदलला म्हणून जॅक बोर्डाला धरून कसा ठेवलाय ते बदलत नाही. तो नुसताच वरून चिकटवला असेल तर टाइप-सीही असाच उपटून येईल.

१९ जानेवारी, लातूर

गंजगोलाईजवळ एक ओळखीचे मोबाइल दुरुस्तीवाले भाई आहेत. यंत्र घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ई-रीडर उघडला, पण हात इतका हलका की मी बघत राहिलो. कडेची चौकट गोंदानं चिकटवलेली. हेअर ड्रायरनं थोडी ऊब दिली, जुनं सिमकार्ड खाचेत घालून हळूहळू फिरवलं. इथंच भीती असते, कारण ई-इंकचा पडदा पातळ काचेवर असतो. जरा पीळ बसला की आत तडा जातो आणि मग सगळंच संपतं. आत अकरा स्क्रू. ते काढल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं.

जॅक दिसला तेव्हा भाई म्हणाले, "सर, हे बघा काय करून ठेवलंय."

जॅक थेट मुख्य बोर्डाच्या कडेला बसवलेला. चौकटीचे चारही पाय नुसते पृष्ठभागावर डाग (सोल्डर) देऊन चिकटवलेले. बोर्डाला आरपार भोक पाडून त्यात पाय उतरवलेला नाही. आरपार पाय असलेले जॅकही बाजारात सर्रास मिळतात, भाईंच्या डबीतच दोन जातींचे होते. पृष्ठभागावरचा पाय तांब्याच्या पातळ पापुद्र्यावर उभा असतो, आणि तो पापुद्रा फायबरच्या बोर्डाला फक्त चिकटवलेला असतो. वरून जोर आला की डाग तुटत नाही, पापुद्राच उचकटतो. आमच्या बोर्डावर पुढचे दोन्ही पापुद्रे पायांसकट वर आले होते.

भाईंनी मोबाइल उघडून दाखवला. त्यात चार्जिंग जॅक एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असतो, सबबोर्ड म्हणतात ते. दोन-चार स्क्रू, एक रिबन, दहा मिनिटांत पट्टी बदलून गिऱ्हाईक घरी. "तुमच्या यंत्रात पट्टीच दिली नाही, सर. जॅक गेला म्हणजे बोर्ड गेलं, असा हिशोब."

रोज हात लागणारा, रोज ओढला जाणारा हा एकच भाग. नेमका तोच सगळ्यात महागड्या बोर्डावर, सगळ्यात कमी आधारानं बसवायचा, हा निर्णय कुणीतरी टेबलावर बसून घेतलेला आहे.

भाईंनी नवा मायक्रो जॅक बसवला. कारखान्यातलं डाग बिनशिशाचं, ते २१७ अंशांच्या पुढं वितळतं. त्यांनी त्यात शिशाचं डाग मिसळून ते तापमान खाली आणलं, म्हणजे बोर्डाला चटका कमी. उचकटलेल्या जागी मागचा लेप खरवडून उघड्या तांब्यावर टेकू दिला. नारिंगी दिवा लागला. पैसे घेईनात; शेवटी शंभर रुपये दिले.

२८ जानेवारी

नऊ दिवसांत पुन्हा सुटला. जॅक आता नुसता बोटानं निघून हातात आला, सोबत ५ व्होल्टच्या पिनेखालचा पापुद्राही. आबा काही बोलले नाहीत. आईकडून कळलं की दोन दिवसांपासून ते नुसते अंगणात बसून असतात.

२ फेब्रुवारी, औसा

आज दुरुस्ती केली नाही, फक्त आबा कसे वाचतात ते पाहिलं. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

ते पोथी ठेवायच्या लाकडी स्टँडवर यंत्र ठेवतात, कात्रीसारख्या उघडणाऱ्या. त्यावर यंत्र खालच्या कडेवर उभं राहतं, आणि जॅक आहे नेमका खालच्या कडेला. पिन लावून वाचलं की जवळजवळ दोनशे ग्रॅम वजनाचं यंत्र पिनेच्या दांड्यावर रेलतं. पिनेचा दांडा म्हणजे तरफ झाली, आणि तरफेचं टोक कुठं, तर त्या दोन पापुद्र्यांवर. पडदा उलटा फिरवून यंत्र डोक्यावर उभं करता आलं असतं, तर प्रश्नच मिटला असता. पण या यंत्रात पडदा आडवा होतो, उलटा होत नाही.

पिन लावून वाचायची वेळ का येते, तेही आज ध्यानात आलं. ई-इंकला पान बदलतानाच वीज लागते, स्थिर पानाला लागत नाही. म्हणून जाहिरातीत बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते म्हणतात. पण आबांच्या अक्षराला पानावर जेमतेम चाळीस शब्द मावतात. दुसरा माणूस एक पान उलटतो तेवढ्यात आबा पाच-सहा उलटतात, शिवाय समोरचा दिवा पूर्ण. त्यामुळं चार-पाच दिवसांत बॅटरी खाली. आणि भारनियमनाची सवय अशी की लाइट आहे तोवर लावून घ्यायचं, मग वाचत असले तरी.

मायक्रो यूएसबी १०,००० वेळा घालता-काढता येईल असं त्याचं मानक सांगतं. २००७ मध्ये हा प्रकार आला तेव्हा झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम केबलीत ठेवल्या, म्हणजे केबल झिजावी, यंत्र नाही. हा विचार चांगला होता. पण ती चाचणी सरळ आत, सरळ बाहेर अशी असते. आठवड्यातून दोनदा चार्जिंग धरलं तरी १०,००० वेळा व्हायला ९६ वर्षं लागतील. आमचा जॅक पाच वर्षांत गेला, म्हणजे तो झिजून गेलाच नाही. तो आडव्या जोरानं गेला, आणि आडव्या जोराचा हिशोब त्या आकड्यात नाही.

आबांना विचारलं, पिन कुठं असती तर बरं? त्यांनी क्षणभरही न थांबता यंत्राच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं कर की. खाली काय करायची?"

म्हणजे आता जॅक बोर्डावर बसवायचा नाही. टाइप-सीची वेगळी पट्टी घ्यायची, ती वरच्या कोपऱ्यात मागच्या प्लॅस्टिकच्या कवचाला पक्की करायची, आणि तिथून बोर्डापर्यंत फक्त चार तारा न्यायच्या. जोर येईल तो कवचावर, बोर्डाला फक्त वीज जाईल.

९ फेब्रुवारी

पट्ट्या मागवल्या आहेत. तोवर पुस्तकांचं काम.

या यंत्राच्या अंगच्या फाँटमध्ये 'ऱ्य' नीट उमटत नाही. पाय मोडका ऱ वेगळा आणि य वेगळा पडतो. आबा दर पानाला अडखळायचे. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, हे मराठीत त्या एका वळणावर ठरतं. यंत्र विकताना मराठी चालतं म्हणायचं आणि ही दोन अक्षरं तपासायची नाहीत, याचाही राग जॅकइतकाच येतो. ई-पब फायलीतच, म्हणजे ई-पुस्तकाच्या फायलीतच, चांगला देवनागरी फाँट भरला, भाषेच्या जागी मराठी लिहिलं, तेव्हा ऱ्य जोडला गेला आणि ल-शही मराठी वळणाचे आले.

साहित्य संस्कृती मंडळाची मोफत पुस्तकं पीडीएफ आहेत. त्यातली स्कॅन केलेली असतात त्यांचं अक्षर मोठं करता येत नाही, सगळं पानच मोठं होतं आणि ओळ पडद्याबाहेर जाते. अशी तीन पुस्तकं बायको आणि मी रात्री टाइप करतोय. रोज चार पानं होतात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सिद्धेश्वराच्या यात्रेची गर्दी, तरी भाईंनी दुकान उघडं ठेवलं होतं. पट्ट्या आल्या. टेबलावर जोडणी केली आणि एक गोष्ट शिकलो, ती सविस्तर लिहितो, कारण पुढं कुणी असंच करायला घेईल.

जुन्या, चौकोनी तोंडाच्या चार्जरला केबल लावली तर पट्टीवर लगेच ५ व्होल्ट आले. पण दोन्हीकडं टाइप-सी असलेली केबल नव्या चार्जरला लावली तर शून्य. पट्टी खराब आहे म्हणून दुसरी घेतली, तीही तशीच. टाइप-सीच्या २४ पिनांत सीसी नावाच्या दोन असतात. त्या दोन्हींवरून ५.१ किलोओहमचा एकेक रोध (रेझिस्टर) ग्राउंडला नेलेला असावा लागतो. तो दिसला तरच नवा चार्जर समजतो की पलीकडं वीज मागणारं काही आहे, आणि मग वीज सोडतो. आमच्या पट्टीवर रोधांच्या जागा होत्या, रोध नव्हते. भाईंनी मेलेल्या मोबाइलच्या बोर्डावर शोधून दोन काढून लावले. तांदळाच्या कणीहून बारीक. भिंगाखाली चिमट्यानं धरायचे आणि श्वास रोखायचा. पहिला उडून गेला तो सापडलाच नाही. दोन्ही बसले, केबल लावली, मीटरवर ५.०८.

९ मार्च

अख्खा दिवस भाईंच्या दुकानात.

५ व्होल्टचा पापुद्रा गेलेला, त्यामुळं त्या पिनेची वाट पुढं कुठं जाते ते मल्टिमीटरच्या बीपवर शोधलं. जॅकपासून चार मिलिमीटरवर एक कपॅसिटर आहे, त्याच्या अलीकडच्या टोकाला लाल तार डागली. ग्राउंड संरक्षक पत्र्यावर. डेटाच्या दोन तारा इनॅमलच्या, केसासारख्या. त्या एकमेकींना पीळ देऊन नेल्या, नाहीतर संगणकावरून पुस्तक टाकताना जोडणी मध्येच तुटते. तारा बॅटरीच्या वरून न नेता कडेच्या खाचेतून नेल्या, वर कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी चिकटपट्टी. बॅटरी लिथियमची, तिच्यावर तार दाबली जाणं परवडणारं नाही.

वरच्या उजव्या कोपऱ्यात नऊ मिलिमीटर रुंदीची रिकामी जागा होती. रिकामीच! जॅक इथं ठेवायला कुणाची हरकत होती? कवचाला बारीक भोक पाडून कानशीनं वाढवत गेलो. पिन घालून बघायची, पुन्हा कानस. घाई केली असती तर प्लॅस्टिक चिरलं असतं. पट्टीच्या दोन भोकांतून एक मिलिमीटरचे स्क्रू कवचात आणि भोवती ॲराल्डाइट. भाईंनी पट्टीच्या मागं प्लॅस्टिकचा तुकडा टेकू म्हणून दिला, पिन आत ढकलताना पट्टी मागं सरकू नये म्हणून. हे मला सुचलं नव्हतं.

जुन्या जॅकचं तोंड खालून बुजवलं.

रात्रभर ॲराल्डाइट सुकू द्यायचं म्हणून यंत्र तिथंच ठेवलं.

१० मार्च

बॅटरी उघड्या अवस्थेत ३.३ व्होल्ट. जोडली. पिन लावली. दिवा लागायला पंधरा-वीस सेकंद गेले, तेवढ्यात भाईंनी दोनदा माझ्याकडं पाहिलं. मग लागला. मीटरवर ०.४७ अँपिअर. अडीच-तीन तासांनी दिवा हिरवा, बॅटरी ४.१७. पिन लावलेली ठेवून यंत्र उचललं, हलवलं, केबलीला धरून लोंबतं ठेवलं. दिवा गेला नाही.

१६ मार्च

कंपनीला पत्र लिहिलं, फोटो जोडले. जॅक वेगळ्या पट्टीवर द्या, पट्टी सुटी विका, आणि जॅक खालच्या कडेला ठेवू नका, हे मागितलं. ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं आहेत. त्याचाही उल्लेख केला. आमच्या गावात ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळाला नाही तर शेतकरी दुकानात बसून राहतो, उठत नाही. पुस्तक वाचणाऱ्यानंही तसंच बसायला हवं.

पत्राची पोच आली आहे. उत्तर नाही.

३० मार्च, पाडवा, औसा

गुढी उभारून झाल्यावर यंत्र आबांच्या हातात दिलं. त्यांनी आधी खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. सवयीची जागा बुजलेली. मग वरचा कोपरा चाचपला. पिन हातात दिली. न बघता लावली, पहिल्याच खेपेला, कारण आता सुलट-उलट काही उरलं नाही. स्टँडवर ठेवलं, केबल मागच्या अंगानं खाली सोडली. "आता काय लावून देतूस?" म्हणाले. टाइप केलेल्यांपैकी पहिलं पुस्तक उघडून दिलं. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

१३ एप्रिल

दोन आठवडे झाले, चार वेळा चार्जिंग. वरच्या कडेला पट्टी जराही हलत नाही. ॲराल्डाइटला उन्हाळ्याचा काही परिणाम होतोय का ते मे संपेपर्यंत बघायचं.

आबांबरोबर नोकरीला असलेले एक गुरुजी निलंग्याहून आले होते. त्यांच्याकडंही असंच यंत्र, दीड वर्षापासून कपाटात. मुलाला वाटतं त्यांना वापरता येत नाही. आबांनी त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं आपलं यंत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि वरच्या कोपऱ्यात पिन लावून दाखवली.

त्यांचं यंत्र मी ठेवून घेतलंय. रात्री भिंगाखाली पाहिलं: पुढचे दोन पाय सुटलेत, ५ व्होल्टचा पापुद्रा अजून शाबूत आहे. बॅटरी २.९ व्होल्ट. रविवारी भाईंकडं न्यायचं, दोन रोध आणि एक मिलिमीटरचे स्क्रू सोबत घ्यायचे.